‘रिस्पेक्टेड सर’च्या पुढे काय लिहायचं?

हल्ली कुठल्याही आळीत, कुठल्याही सोसायटीत एखादी तरी मुलगी ‘लॉ’ला असतेच. बारावीनंतरचा पाच वर्षांचा कोर्स, नाहीतर पदवीनंतरचा तीन वर्षांचा. सीईटीचा फॉर्म, कॉलेजांची यादी, होस्टेल, फी इथपर्यंत सगळं घर तिच्यामागे कंबर कसून उभं असतं. मग एके दिवशी ती विचारते, “आई, एका लॉ फर्मला कव्हर लेटर पाठवायचंय. काय लिहू?” आणि घर गप्प होतं. तसलं पत्र घरात कुणीच कधी लिहिलेलं नसतं.

हे पत्र म्हणजे साध्या भाषेत उमेदवारीचा अर्ज. सोनाराकडे, छापखान्यात, शिंप्याच्या दुकानात जशी पोरं उमेदवारी करत, तशी ती वकिलीतही आहे. आणि आता ती हौसेची बाब राहिलेली नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला किमान २० आठवडे इंटर्नशिप करावीच लागते. तीही सलग चार आठवड्यांहून जास्त नाही. शिवाय सगळ्या शिक्षणात एकदा तरी खालच्या कोर्टात आणि अपिलाच्या कोर्टात उभं राहणाऱ्या वकिलांच्या हाताखाली काढावी लागते. पदवीनंतरची ज्युनिअरशिप वेगळी, मुंबईच्या सॉलिसिटरांकडची आर्टिकलशिप आणखी वेगळी. पत्र मात्र सगळीकडे लागतं.

मी वकील नव्हे. एका क्लासमध्ये अर्धवेळ इंग्रजी शिकवते, म्हणून आजूबाजूच्या मुली “काकू, जरा इंग्लिश बघता का?” म्हणत ही पत्रं घेऊन येतात. नात्यातल्या दोघी वकिली करतात. त्यांना मी बरंच खोदून विचारलं, कारण इंग्रजी सुधारून भागत नाही हे दोन-चार पत्रांतच लक्षात आलं.

सगळी पत्रं सख्ख्या बहिणींसारखी एका तोंडवळ्याची! वर ‘रिस्पेक्टेड सर’. मग ‘मायसेल्फ अमुक अमुक’. मग ‘आय ॲम अ हार्डवर्किंग, डेडिकेटेड अँड पॅशनेट लॉ स्टुडंट’. मग ‘युवर एस्टीम्ड फर्म’. शेवटी ‘काइंडली डू द नीडफुल’. आपल्या वडिलांच्या काळच्या निबंधाच्या पुस्तकातून हे शब्द अजून तसेच चालत आले आहेत. आता त्यात मोबाइलमधल्या यंत्राकडून लिहून घेतलेल्या पत्रांची भर पडली आहे. त्यांचं व्याकरण चोख असतं हे खरं, पण चेहरा तोच. फर्मचं नाव काढून सिमेंटच्या कारखान्याचं घातलं, तरी पत्र चालून जाईल! ‘मी कष्टाळू आहे’ असं लिहून कुणी कष्टाळू ठरतं का हो? भाजीवालीनं ‘भाजी ताजी आहे’ म्हटलं तरी आपण देठ मोडून बघतोच ना?

पलीकडे हे पत्र वाचतं कोण, तेही जरा डोळ्यांसमोर आणा. मोठ्या फर्ममध्ये इंटर्न नेमण्यासाठी वेगळं माणूस असतं, त्याच्यापुढे अशा पत्रांची रास असते. लहान ऑफिसात तर स्वतः वकीलबाईच मधल्या सुट्टीत डबा खाता खाता मोबाइलवर वाचतात. पुकारा व्हायच्या आत त्यांना परत कोर्टरूममध्ये जायचं असतं. एका मिनिटात त्यांना तीनच गोष्टी कळायला हव्यात: ही मुलगी कधी येणार, आमच्याकडेच का येणार, आणि आल्यावर आमचं कुठलं काम हातावेगळं करू शकणार. बाकीचं पुढे बघता येतं.

हे तिसरं लिहिताना मुली अडतात. “मला कुठे काय येतं?” असं प्रत्येकीचं म्हणणं. आमच्या समोरच्या इमारतीत पेइंग गेस्ट म्हणून राहणारी एक मुलगी, मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावची, मागे अशीच आली होती. पत्रात ‘कॉर्पोरेट लॉ’ची आवड, ‘मर्जर्स अँड ॲक्विझिशन्स’ची आवड, सगळं जिथल्या तिथे. मी विचारलं, “तुझे वडील काय करतात गं?”

जरा थांबून म्हणाली, “बाँड रायटर आहेत. तहसीलच्या बाहेर बसतात.”

“मग तू त्यांच्याबरोबर कधी काम केलंयस?”

“सुट्टीत करायचे की. दस्ताची नक्कल तपासायची, गट नंबर, चतुःसीमा जुळतात का ते बघायचं. सातबारे काढून आणायचे.”

“फेरफार वाचता येतो?”

“काकू, तो काय, कुणालाही येतो!”

नाही हो, कुणालाही येत नाही. मी हे नात्यातल्या त्या वकीलबाईंना फोनवर सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “अशी मुलगी आम्हाला शोधून मिळत नाही.” त्याचं कारण असं. मुंबईतलं एखादं गिऱ्हाईक कर्जतला नाहीतर मुळशीला जमीन घेतं, तेव्हा त्याचे वकील त्या जमिनीचा ‘टायटल सर्च’ घेतात. म्हणजे विकणारा खरोखर मालक आहे का, हे साधारण ३० वर्षं मागे जाऊन तपासायचं. सातबारा, आठ-अ, एकेक फेरफार नोंद, सबरजिस्ट्रारकडचं इंडेक्स टू, गहाणखतं, बक्षीसपत्रं. यातला बहुतेक कागद मराठीत, जुना असेल तर मोडीतसुद्धा. वारसनोंदीत बहिणींची नावं लागली होती का, मग ती कमी कशी झाली, हक्कसोडपत्र नोंदलेलं आहे का? (हा प्रश्न तर आपण सगळ्यांनीच आपापल्या माहेरच्या सातबाऱ्याला एकदा विचारून बघण्यासारखा आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीनं आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीनं दिला.) शहरातल्या चांगल्या कॉलेजमधली, फाडफाड इंग्रजी बोलणारी मुलगी या कागदांपुढे चाचपडते. आणि जिला ते लहानपणापासून येतं, ती पत्रात त्याचा उल्लेखही करत नाही, कारण ते सांगितलं तर ‘तहसीलच्या बाहेर बसणाऱ्याची मुलगी’ हे उघड होतं.

मला याचं फार वाईट वाटतं. आपण मुलींना शिकवतो बरंच, पण घरात जे काम शिकल्या ते ‘शिक्षण’ म्हणून मोजायला शिकवत नाही. कुणी आईच्या बचतगटाचे हिशेब आणि ठरावांची वही लिहिलेली असते. कुणी आजीच्या पेन्शनसाठी तीन कचेऱ्यांत अर्ज देऊन त्यांच्या पोचपावत्या सांभाळलेल्या असतात. एकीनं तर सोसायटीच्या थकबाकीच्या नोटिसा टाइप केल्या होत्या. तिच्या पत्रात मात्र शाळेतल्या वक्तृत्वाच्या बक्षिसाशिवाय काही नव्हतं!

मराठीचंही तसंच. तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे, दावे आणि साक्षीपुरावे मोठ्या प्रमाणावर मराठीत चालतात. तेच प्रकरण हायकोर्टात गेलं की त्या कागदांची इंग्रजी भाषांतरं जोडावी लागतात. ती कुणीतरी बसून करावीच लागतात. म्हणून ‘मराठी माध्यम’ हे खाली मान घालून सांगायचं काही कारण नाही. ‘मराठी दस्तांचं आणि जबाबांचं इंग्रजी भाषांतर करू शकते’ असं एक वाक्य लिहा, आणि सोबत एखाद्या पानाचा नमुना तयार ठेवा. फक्त नमुन्यातली नावं, गट नंबर बदललेले असू देत.

तर त्या मुलीला मी सांगितलं, की इंग्रजी राहू दे, आधी मराठीत मला सांगितल्यासारखं लिही. इंग्रजी मागाहून करू. तिचं पत्र झालं ते असं. (तिच्या परवानगीनं, ओळख पटेल असा तपशील बदलून देते आहे.)

“महोदया, मी पुण्यात तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ८ जून ते ४ जुलै या काळात आपल्या ऑफिसमध्ये इंटर्न म्हणून काम करता यावं, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आपलं ऑफिस जमिनीचे व्यवहार आणि वाटणीचे दावे पाहतं. आपण हजर होता अशा वाटणीच्या एका अपिलातला हायकोर्टाचा निकाल मी वाचला. हक्कसोडपत्र नोंदलेलं नसेल तर काय होतं, हा त्यातला भाग मला दोनदा वाचावा लागला. तशा कागदांवरचं काम शिकण्याची माझी इच्छा आहे.

माझे वडील तालुक्याच्या गावी दस्त लिहितात. शाळेत असल्यापासून मी सुट्टीत त्यांच्याबरोबर दस्तांच्या नकला तपासत आले. सातबारा, आठ-अ, फेरफार आणि इंडेक्स टू मला वाचता येतात. मराठी दस्ताचं इंग्रजी भाषांतर करता येतं. गेल्या डिसेंबरात मी जिल्हा न्यायालयातल्या एका वकिलांकडे चार आठवडे होते. तिथे रोजचा बोर्ड लिहिला आणि तीन दाव्यांच्या तारीखवार घटनांच्या याद्या केल्या. इंग्रजी ड्राफ्टिंगचा सराव मला कमी आहे, तो इथे मिळावा असं वाटतं.

सोबत बायोडेटा आणि कॉलेजचं पत्र जोडलं आहे. आपल्या सोयीप्रमाणे भेटायला येऊ शकते.”

बस, एवढंच! इंग्रजीत हे पाऊण पानात बसतं. एकही विशेषण नाही बघा, तरी मुलगी समोर उभी राहते. ‘ड्राफ्टिंगचा सराव कमी आहे’ हे वाक्य तिच्या मैत्रिणींना मुळीच पटलं नव्हतं. “स्वतःचं उणं कशाला सांगायचं?” पण मी ते ठेवायला लावलं. बायोडेट्यावरून ते दिसणारच होतं, आणि एका वाक्यात, रडगाणं न गाता सांगितलं की उरलेल्या पत्रावर विश्वास बसतो. दोन वाक्यं झाली असती तर मात्र मीच खोडली असती.

दुसरा परिच्छेद लिहायला तिला तीन दिवस लागले. खरा अभ्यास तिथेच आहे. ‘आपल्याकडेच का’ याचं उत्तर ‘आपली ख्याती ऐकून आहे’ हे नव्हे. ऑफिसचं संकेतस्थळ असलं तर ते बघावं. हायकोर्टाचे निकाल इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात आणि प्रत्येक निकालाच्या सुरुवातीला कुणातर्फे कोण वकील हजर होते ते छापलेलं असतं. त्या ऑफिसचा एक निकाल शोधून नीट वाचावा आणि त्यातली एकच गोष्ट लिहावी. वाचला नसेल तर लिहू नये, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

फौजदारीतलं काही लिहिणार असाल तर आणखी जपून. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचे कायदेही बदलले. जुन्या गुन्ह्यांचे खटले जुन्या कलमांखाली चालू आहेत, म्हणून कोर्टात दोन्ही ऐकू येतात. पत्रात कलम लिहिलं तर ते नव्यातलं की जुन्यातलं, हे स्वतःला ठाऊक असायला हवं.

आता ‘रिस्पेक्टेड सर’. नात्यातल्या त्या वकीलबाईंना दर आठवड्याला ‘डिअर सर’ म्हणून पत्रं येतात, तीही मुलींची! भारतात १९२३ च्या कायद्यानं स्त्रियांना वकिली खुली झाली. त्यानंतर लवकरच मिठन लाम मुंबई हायकोर्टात वकिली करू लागल्या. १९७८ मध्ये सुजाता मनोहर या हायकोर्टाच्या पहिल्या स्त्री न्यायमूर्ती झाल्या आणि १९९४ मध्ये मुख्य न्यायमूर्तीही. इतकं सगळं होऊनही आपल्या पोरी वकील म्हटला की मिशाच डोळ्यांपुढे आणतात. ज्यांना लिहायचं त्यांचं नाव शोधा, स्पेलिंग दोनदा तपासा. नावानं लिहिलं तर खाली ‘युवर्स सिन्सिअरली’, नाव सापडलंच नाही आणि ‘डिअर सर ऑर मॅडम’ लिहावं लागलं तर ‘युवर्स फेथफुली’. जुन्या सॉलिसिटरांच्या ऑफिसांत असल्या गोष्टी अजून बघतात. आणि एकच ई-मेल तीस ऑफिसांना एकदम, सगळ्यांचे पत्ते वर दिसताहेत असा, कधीही पाठवू नका. तो कुणीच उघडत नाही.

आधी कुठे काम केलं असेल तर ते जरूर लिहावं, पण तिथल्या पक्षकारांची नावं नाहीत. एका मुलीनं मोठ्या अभिमानानं लिहिलं होतं, अमक्या बिल्डरच्या तमक्या प्रकरणात मी मदत केली, रक्कम इतकी. वाचणारा वकील मनात म्हणतो, ही उद्या आमचंही असंच बाहेर सांगेल. अशिलाची गोष्ट गुप्त ठेवायचं बंधन वकिलावर आहे, तसं त्याच्या कारकुनांवर आणि नोकरांवरही आहे. ‘बांधकाम व्यावसायिकाच्या एका दाव्यात’ एवढं पुरे.

मग येतो आयांचा आवडता प्रश्न: ओळखीशिवाय काही होतं का? खोटं कशाला बोलू, ओळखीनं पत्र उघडलं जातं. कुणी प्राध्यापकांनी किंवा शेजारच्या वकीलकाकांनी नाव सुचवलं असेल, तर त्यांना विचारून पहिल्याच वाक्यात तसं लिहावं. त्यात कमीपणा काही नाही. पण ओळखीचं पत्रही कोरं असेल तर पोरगी आठवडाभर फायलींना टॅग लावत बसते. आणि ओळख नसली तरी दारं अगदीच बंद नाहीत. त्या मराठवाड्याच्या मुलीची पहिली दहा पत्रं बिनउत्तराची गेली. नवं पत्रच होतं ते, चांगलंच होतं, तरीही गेली. अकराव्याला बोलावणं आलं.

फोटो, जात, लग्न झालंय का, वडिलांचं उत्पन्न यातलं काहीही पत्रात किंवा बायोडेट्यात घालू नये. कुणी फोनवर ‘फोटो पाठवा, मग बघू’ म्हणालं तर ते ऑफिस यादीतून काढून टाकावं. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थी मुलींनाही लागू आहे, पगार मिळत असो वा नसो. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. त्याहून लहान ऑफिस असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार देता येते. मुलीला जाण्याआधीच हे सांगून ठेवा.

मानधनाचं पत्रात विचारू नये, बोलावणं आल्यावर मात्र स्पष्ट विचारावं. बऱ्याच ठिकाणी काहीच मिळत नाही, काही ठिकाणी जाण्यायेण्याचा खर्च निघतो. मुंबईत महिनाभर राहायचं तर त्याचा हिशेब घरात आधीच झालेला बरा. मुंबईच हवी असा हट्टही नको. हायकोर्टाची खंडपीठं नागपूरला आहेत, छत्रपती संभाजीनगरला आहेत, गोव्यात आहेत, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातही सर्किट बेंच बसतं.

तारखांचं गणित मात्र नीट करा. कॉलेजला मे महिन्यात सुट्टी, म्हणून सगळ्याजणी मे महिनाच मागतात, आणि नेमकी तेव्हाच कोर्टांचीही उन्हाळी सुट्टी असते! कोर्टातलं काम बघायचं असेल तर कोर्टं उघडल्यानंतरचा जून मागावा. दस्त, करारमदार, टायटल सर्च यांचं काम मेमध्येही चालू असतं, तिथे मे चालेल. मोठ्या फर्मना तीन-चार महिने आधी लिहावं, लहान ऑफिसांना महिना-दीड महिना आधी.

पाठवताना ई-मेलच्या विषयातच ‘इंटर्नशिपसाठी अर्ज’, तारखा आणि नाव लिहावं. जोडलेल्या फाईलला ‘फायनल न्यू टू’ असलं नाव न ठेवता स्वतःचं नाव द्यावं. पाठवण्याआधी आईनं एकदा ते मोठ्यानं वाचून घ्यावं, इंग्रजी फारसं येत नसलं तरी. जिथे वाचणारी अडखळते तिथे वाक्य लांबलेलं असतं. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर दोन ओळींची आठवण पाठवावी, एकदाच. आणि त्या दिवसांत अनोळखी नंबरचे फोन कापू नयेत, कारण लहान ऑफिसांतून उत्तर बहुधा फोननंच येतं. “कधीपासून येता?” हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. तेव्हा कॉलेजचं परीक्षेचं वेळापत्रक भिंतीवर, फोनच्या जवळ लावून ठेवलेलं बरं.